आभाळातली थंडी आणि केवळाबाईचं पाणी

केवळाबाई सोनकांबळेच्या तोंडी लागू नये, हे चाकुरात ज्याला ठाऊक नसे त्याला ती स्वतःच शिकवायची. बाई ठेंगणी, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की बौद्ध वस्तीत उभी राहून बोलली तर एसटीच्या थांब्यावरच्या माणसानं मान वळवावी. नवरा मारोती काविळीनं लवकर गेला. पदरात एकच पोर, किशन. बाईनं लोकांची खळी केली, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सडकेवर डांबर टाकलं आणि पोराला शिकवलं. शाळेत मास्तरानं किशनला मागं बसवलं तर ही दुसऱ्या दिवशी मास्तरापुढं हजर. "मागून फळा दिसत न्हाई म्हनतोय पोरगा. तुमाला बी मागून शिकवता येतंय का बघा." किशन पुढं बसला.

वस्तीच्या पल्याड माळावर हवामानखात्याची एक छोटी वेधशाळा होती. दोन खोल्या, भोवती तारेचं कुंपण, आणि लोखंडी नळकांडी ठेवलेली एक पत्र्याची शेड. त्या नळकांड्यांत पावडरी आणि पाणी घालून हलका वायू बनवायचे, तो पांढऱ्या फुग्यात भरायचे आणि रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला फुगा वर सोडायचे. फुग्याच्या दोरीला एक डबी. डबी चढत चढत ढगांच्याही कितीतरी वर जायची आणि तिथली हवा किती थंड आहे ते रेडिओनं खाली कळवायची. शेवटी फुगा फुटायचा. किशन लहानपणी त्या कुंपणाला नाक लावून उभा असायचा. मोठा झाला, पदार्थविज्ञान शिकला, लातूरच्या कॉलेजात प्राध्यापक झाला, आणि डॉक्टरेट करायची म्हटल्यावर विषय कोणता घेतला? तर तोच फुगा! केवळाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "जमिनीवर प्यायला पानी न्हाई, आन् ह्यो आभाळाचा ताप मोजून ऱ्हायला."

पण बाहेर कुणी असं बोललं तर त्याची धडगत नसायची. "माझा किशन डाक्टर होनार हाय," ती बाजारात भाजी घेता घेता सांगायची. "सुईवाला न्हाई. आभाळवाला."

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, पेढे वाटले. पुढं दोन वर्षांत पावसानं पाठ फिरवली आणि गुलालाचीही माती झाली. "जिल्हा नवा, कचेरी नवी, सायेब नवे, टँकर बी नवा. पानी तेवढं जुनंच, म्हंजी न्हाईच," केवळाबाई म्हणायची. टँकरचा रस्ता नव्या कचेरीत ठरला आणि बौद्ध वस्ती त्या रस्त्यात सगळ्यात शेवटी आली. कशी आली, ते विचारायची कुणाला गरज पडली नाही. सगळ्या गावाच्या घागरी भरून झाल्या की दिवस कलताना टँकर वस्तीत यायचा, आणि तळाला उरलेलं पाणी बाया भांडत, शिव्या देत, पण अखेर वाटून घ्यायच्या.

चौऱ्याऐंशी सरता सरता वेधशाळेची बोअर आटली. तिथले निरीक्षक हणमंतराव साधा माणूस. एका संध्याकाळी ते कुंपणाशी डोक्याला हात लावून बसलेले केवळाबाईनं पाहिले.

"काय झालं सायेब? घरी बरं हाय नं?"

"पाणी नाही, केवळाबाई. पाण्याशिवाय वायू नाही. आज फुगा जाणार नाही."

फुगा जाणार नाही म्हणजे काय? किशनचा अभ्यास त्याच फुग्यावर! ती तशीच माघारी फिरली. टँकर नुकताच आला होता. स्वतःची भरलेली घागर डोक्यावर घेऊन ती निघाली, तर शेजारची सुमनबाई ओरडली, "आगं कुठं चाललीस पानी घेऊन? येड लागलं का?"

"किशनच्या फुग्याला."

सुमनबाईनं आधी दोन शिव्या हासडल्या, मग आपलीही घागर उचलली. सरजाबाई आली, पार्वतीबाई आली. त्या बायांचा रिवाजच तसा. एकीच्या घरी अडलं तर बाकीच्या तोंडानं बोलायच्या आणि हातानं द्यायच्या. पाणी शेडपर्यंत पोचलं. हणमंतराव संकोचून म्हणाले, "तुमच्या प्यायचं पाणी..." केवळाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "घ्या घ्या. आमच्या हातचं पानी गावाला चालत न्हाई, फुग्याला चालतंय. फुगा शाना हाय." हणमंतरावांनी खाली बघतच घागर उतरवून घेतली.

मग तो सगळा जानेवारी हेच चाललं. टँकर यायचा, बाया घागरी घेऊन माळावर जायच्या, वायू तयार व्हायला वेळ लागायचा, आणि फुगा सुटेपर्यंत चांगलंच अंधारून यायचं. अंधारात फुगा कुठं गेला ते दिसावं म्हणून हणमंतराव दोरीला कागदाचा छोटा कंदील बांधायचे. बायांना त्याचं भारी अप्रूप. मान दुखेस्तोवर त्या तो दिवा बघत उभ्या राहायच्या, आणि घरी येऊन अर्ध्या तांब्या पाण्यावर भाकरी खायच्या. किशनला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी केवळाबाईची सगळ्यांना ताकीद. त्याला कळलं असतं की माय तहानेली राहते, तर तो लातूर सोडून आला असता. महिना संपता संपता कचेरीनं वेधशाळेला वेगळा टँकर दिला आणि ते काम मिटलं.

पुढच्या दोन वर्षांत किशनचा अभ्यास रंगात आला. एका रविवारी तो अंगणात सायकलमध्ये हवा भरत होता आणि केवळाबाईनं विचारलं, "ते तुझं आभाळाचं प्रकरन तरी काय हाय? एकदा सांग की मला समजंल आसं."

किशन हसला. "माय, पंपाला हात लाव."

तिनं लावला आणि झटकन मागं घेतला. "आगाई गं! तापला की!"

"कुणी तापवला? ऊन तर नाही इथं, सावली आहे. हवा दाबली म्हणून तापली. तसंच वर होतं. पृथ्वीच्या टकुऱ्यावर, पार उत्तरेला, हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही. वरची हवा बर्फापेक्षा कितीतरी थंड पडते आणि तिच्याभोवती वाऱ्याचं एक मोठं कडं गरागरा फिरत असतं. पण एखाद्या साली खालचे वारे डोंगरांना धडकून अशा मोठ्या लाटा उठवतात की त्या वर वर चढत जाऊन त्या कड्यावर फुटतात. कडं अडखळतं, मोडतं. मग वरची हवा खाली बसते, दाबली जाते आणि चारपाच दिवसांत चाळीस-पन्नास अंशांनी तापते. सूर्य नसताना!"

"आन् मग?"

"मग ती हळूहळू निवते. चुलीवरून उतरवलेला तवा कसा आपली ऊब भोवताली टाकत बसतो, तशी. तापायला काही दिवस, निवायला कित्येक आठवडे."

"त्यात आपल्या चाकूरचं काय?"

किशनचे डोळे लकाकले. "तिकडं हवा खाली बसली, तर कुठंतरी वर उसळायला नको? ती उसळते आपल्याकडं. उसळली की पसरते, पसरली की थंड होते. पंच्याऐंशीच्या जानेवारीत तिकडं हवा अशीच खूप तापली. आणि माय, त्याच जानेवारीत आपल्या माळावरच्या फुग्यानं दाखवलं की चाकूरवरची हवा दोन-तीन अंशांनी थंड झाली! हे मी दाखवणार आहे. चाकूरच्या पोरानं, चाकूरच्या फुग्यानं."

केवळाबाईनं थोडा विचार केला. "तिकडं दाबतात म्हनून तापतंय, हिकडं मोकळं सुटतंय म्हनून निवतंय. बरंय बाबा हवेचं. आपल्याला तर दाबतात बी हितंच आन् तापतो बी हितंच." किशन पंप टाकून हसत सुटला. तिला मात्र मनातून उकळ्या फुटत होत्या. पंच्याऐंशीचा जानेवारी! म्हणजे आपलं पाणी सत्कारणी लागलं की! पण बोलली नाही. डॉक्टर झाल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं.

ते तिच्यानं निभलं नाही. प्रबंध टाइप होऊन, बांधून विद्यापीठात गेला, आणि त्या आनंदात किशन पेढे घेऊन आला त्या दिवशी वस्तीतल्या बाया ओट्यावर जमल्या. सुमनबाईनं डोळा मारून म्हटलं, "आता तरी सांग की पोराला, त्याचा फुगा कुनी उडवला ते." मग काय, बांधच फुटला. केवळाबाईनं सगळं सांगितलं. घागरी, शिव्या, हणमंतरावांचं कपाळ, अर्धा तांब्या, सगळं. किशनचे डोळे भरून आले. त्यानं मायचे हात धरले. "आन् ते कंदील रे," ती रंगात येऊन म्हणाली, "काय दिसायचे! अंधारात वर वर, वर वर..."

इथं माशी शिंकली.

"कंदील?" किशन म्हणाला. "माय, संध्याकाळच्या फुग्याला कंदील कशाला? तो तर उजेडी जातो."

"आरं टँकर यायचाच दिवस बुडता. उजेडी कुठनं जातोय? पुरा महिना अंधारातच गेला तो."

किशनचा चेहरा असा उतरला की बायांच्या हातातले पेढे हातातच राहिले. तो उठून आत गेला. केवळाबाई मागं गेली तर तो भिंतीकडं तोंड करून बसलेला. "काय चुकलं माझं?" तिनं विचारलं. तिनं दंडाला धरून हलवलं तेव्हा तो बोलला.

"माय, तेलाचं भांडं तोलताना वाणी भांड्याचं वजन वजा करतो ना? तसं आहे. फुग्याच्या तापमापकावर ऊन पडलं की तो हवेपेक्षा जास्त तापतो. म्हणून संध्याकाळच्या फुग्याच्या आकड्यातून उन्हाचा वाटा वजा करायचा असतो. मला मिळालेल्या छापील तक्त्यावर वेळ नव्हती, नुसतं 'संध्याकाळ' होतं. सगळ्या आकड्यांतून तो वाटा वजा केलेला होता. पण त्या महिन्यात ऊन नव्हतंच."

केवळाबाईला समजायला वेळ लागला नाही. "म्हंजी भांडंच न्हवतं, आन् भांड्याचं वजन कापलं."

"हं. म्हणून हवा थंड दिसली. जेवढा वाटा कापला, जवळपास तेवढीच माझी थंडी आहे. आभाळ थंड झालं असेलही, पण ते माझ्या आकड्यांवरून आता सांगता येत नाही. प्रबंधातलं मुख्य प्रकरणच गेलं."

पोराचं तीन वर्षांचं काम, आणि ते आपल्याच पाण्यात बुडालं! पण केवळाबाई रडणारी बाई नव्हे. तिनं पदर खोचला. "कुनाला म्हाईत हाय हे?"

"आत्ता आपल्यालाच."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. कुनाला सांगू नको."

"माय!"

"काय माय? कुनाचं घर बुडनार हाय का त्यानं? जन्म गेला माझा खडी फोडन्यात. लोक मला आजून 'ये केवळे' म्हनतात. एकदा डाक्टरची माय म्हनू दे. मग काय सांगायचं ते सांग." तिनं त्याचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची आन हाय तुला."

"आपण बौद्ध ना माय? आण-भाक मानत नाही आपण."

"तू मानू नको. मी मानते. तू बोललास तर मी मेले म्हन."

किशन मायला ओळखत होता. आण मोडली असती तर ही बाई मेली नसती, पण जेवली नसती हे नक्की. त्यानं कुणाला सांगितलं नाही, मार्गदर्शक पंचाक्षरी सरांनाही नाही. केवळाबाईनं घरोघर जाऊन बायांना बजावलं की कंदिलाचं नाव काढायचं नाही. बायांनी नाव काढलं नाही. किशन मात्र रविवारी यायचा, मुकाट जेवायचा आणि मुकाट जायचा. पूर्वी लातूरच्या गमती सांगायचा, ते बंद झालं. केवळाबाई त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची आणि स्वतःशी म्हणायची, एवढी परीक्षा होऊ दे, मग हसंल.

परीक्षेचा दिवस ठरला. औरंगाबादला विद्यापीठात परीक्षक प्रश्न विचारणार, आणि कुणालाही बसून ऐकता येतं, असं पंचाक्षरी सरांनी सांगितलं होतं. केवळाबाईनं पांढरं लुगडं धुऊन ठेवलं. निघायच्या वेळी सुमनबाईनं निक्षून सांगितलं, "परत येताल तवा आमी थांब्यावर हार घेऊन उभ्या राहू. डाक्टरला घरी चालत येऊ देनार न्हाई."

मोठी खोली होती. पुढं टेबलामागं परीक्षक, पुण्याहून आलेले, पांढऱ्या केसांचे, बोलायला गोड. किशन फळ्यावर खडूनं लाटा काढत, कडं मोडत, हवा खाली दाबत बोलला. सगळं इंग्रजीत, पण ते हात केवळाबाईला कळत होते. पंप दिसत होता तिला. मग परीक्षकांनी प्रबंध उघडला आणि मराठीतच म्हणाले, "सोनकांबळे, तुमचं चौथं प्रकरण मला फार आवडलं. भर दुष्काळात, एका लहानशा ठिकाणच्या वेधशाळेनं एक दिवसही फुगा चुकवला नाही. मोठ्या मोठ्या ठिकाणी पाण्याअभावी वायू तयार करता येत नाही. चाकुराला हे कसं जमलं हो?"

साधा प्रश्न. माणूस कौतुकच करत होता.

किशननं हातातला खडू खाली ठेवला, परत उचलला. त्यानं एकदाच मागं बघितलं. केवळाबाईनं ती नजर चुकवायला खाली बघितलं, पण दिसायचं ते दिसलं होतं. तिच्या पोरानं मान खाली घातली होती. भरल्या सभेत, शिकलेल्या माणसांपुढं. पहिलीत मास्तरानं मागं बसवलं तेव्हासुद्धा त्यानं ती घातली नव्हती, धावत घरी येऊन रागानं सांगितलं होतं. आता ती खाली गेली ती कुणा मास्तरामुळं नाही, तिच्यामुळं. पंचाक्षरी सर काहीतरी बोलून सावरायला उठणार, तेवढ्यात मागून तो चाकूरच्या थांब्यापर्यंत जाणारा आवाज आला.

"किशन!"

सगळ्यांच्या माना वळल्या. पांढऱ्या लुगड्यातली ठेंगणी बाई उभी होती.

"सांग त्यायला. आन सुटली तुझी."

किशन बघत राहिला.

"बघतो काय? सोडली म्हनते नं मी! सांग, न्हाईतर मी सांगते. सायेब, पानी आमी दिलं. बौद्ध वस्तीतल्या बायायनी. टँकर यायचाच दिवस बुडता, फुगा जायचा अंधारात. ऊन न्हवतंच त्याला. ह्या पोराला म्हाईत न्हवतं. म्हाईत झालं तवा मीच त्याचं तोंड बांधलं." एवढं बोलून ती खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. नवरा गेला त्यानंतर ती पहिल्यांदा रडत होती, आणि तिला कुणाची लाज वाटली नाही.

मग किशन बोलला. सगळं बोलला. उन्हाचा वाटा, वजा केलेले अंश, कंदील. चौथं प्रकरण उभं राहत नाही, असं स्वतःच्या तोंडानं म्हणाला. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट वाटलं होतं, ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "आज तुम्हाला पदवी देता येणार नाही," ते म्हणाले. "ते प्रकरण काढा. ज्या वर्षांत फुगा उजेडात गेला तेवढ्यांवर काम परत करा आणि परत या. दोन वर्षं तरी लागतील. याल ना?" किशन "येईन" म्हणाला. दारातून बाहेर पडताना परीक्षक केवळाबाईपाशी थांबले. त्यांनी नुसते हात जोडले.

परतीच्या एसटीत तिनं विचारलं, "दोन वर्षं गेली नं रं माझ्यापायी?" किशन म्हणाला, "गेली." खोटं बोलून समजूत घालायचा त्याचा स्वभावच नव्हता. मग त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपला. किती महिन्यांनी तो असा गाढ झोपला होता. पार चाकूर येईपर्यंत उठला नाही.

थांब्यावर सगळी वस्ती. सुमनबाई सगळ्यात पुढं, हातात झेंडूचा हा एवढा हार. गाडी थांबायच्या आधीच तिनं हाक घातली, "झाला का गं डाक्टर?"

"न्हाई झाला," केवळाबाई पायरीवरून उतरत म्हणाली.

सगळ्यांचे चेहरे पडले. सुमनबाईनं हार हळूच पाठीमागं धरला. "मग... हे आता ठिवून देऊ का?"

"ठिवती कशाला?" केवळाबाई तिच्यावर खेकसली. "माझं लेकरू उभं हाय नं समोर? घाल त्याला."

सुमनबाईनं हार घातला.